मृतांची दाद

भुताची गोष्ट सांगणें फारसें कठीण नाहीं. अंधार, एकांत, अवेळीं वाजलेलें दार आणि ऐकणाराच्या मनांत बालपणापासून घर करून बसलेली भीति, एवढी सामग्री हाताशीं असली कीं सामान्य सांगणाराहि घटकाभर श्रोत्यांच्या अंगावर कांटा उभा करूं शकतो. पण तीच गोष्ट त्याच श्रोत्यांना दुसऱ्या रात्रीं सांगावयास बसावें, म्हणजे तिची खरी परीक्षा होते. दार कोणीं वाजविलें हें आतां सर्वांस ठाऊक असतें; पिंपळाखालची बाई मागें वळणार व तिचीं पावलें उलटीं असणार, हेंहि ठाऊक असतें. कोणी जांभई देतो, कोणी उठून दिवा लावतो, आणि जिनें काल झोंप उडविली तीच गोष्ट आज झोंप आणते. भयकथेच्या मागें लागलेला हा शाप जुना आहे, आणि त्यांतून सुटलेल्या कथा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

'दि सिक्स्थ सेन्स', म्हणजे 'सहावें इंद्रिय', या नांवाचा अमेरिकन चित्रपट ६ ऑगस्ट १९९९ रोजीं तिकडे प्रथम दाखविण्यांत आला, आणि त्याची सारी कीर्ति अखेरच्या कांहीं मिनिटांत उघड होणाऱ्या एका रहस्यावर उभी राहिली. पाहून आलेली मंडळी न पाहिलेल्यांना बजावीत, "शेवट मात्र विचारूं नका." वर सांगितलेल्या हिशेबानें असा चित्रपट एकदां पाहून संपावयास हवा होता. तसें झालें नाहीं. शेवट ठाऊक असतांना आम्हीं तो पुनःपुन्हां पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळीं भीति कमी होत गेली व मन अधिक गुंतत गेलें. असें कां व्हावें, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे. शेवट सांगितल्यावांचून तो करतां येणार नाहीं. तेव्हां ज्यांनीं हा चित्रपट पाहिला नसेल त्यांनीं हा अंक तूर्त मिटून ठेवावा, चित्रपट पाहावा, आणि मग हीं पानें उघडावीं. त्यास संपादकांची कांहीं हरकत असणार नाहीं.

चित्रपटाचा लेखक व दिग्दर्शक एकच, एम. नाईट श्यामलन. त्याचा जन्म १९७० सालचा, केरळच्या किनाऱ्यावर असून पुदुच्चेरीच्या कारभाराखालीं असलेल्या माहे गांवचा. आईबाप दोघेहि डॉक्टर. बालपण मात्र अमेरिकेंत, पेनसिल्व्हेनिया प्रांतांत गेलें. 'नाईट' हें नांव त्यानें स्वतःच घेतलेलें. १९९२ सालचा त्याचा पहिला चित्रपट मद्रासेंत घडतो. अमेरिकेंत वाढलेला तरुण मायदेशीं येऊन गोंधळून जातो, असा त्याचा विषय. एवढ्यावरून 'सिक्स्थ सेन्स'मध्यें हिंदु तत्त्वज्ञान शोधूं पाहणारे कांहीं उत्साही लेखक आढळतात. आम्हांला त्यांत तसें कांहीं दिसत नाहीं. कथा फिलाडेल्फिया शहराची आहे, तिच्यांतील देवळें ख्रिस्ती आहेत आणि तिच्यांतील दुःख कोणत्याहि एका धर्माचें नाहीं. सुमारें चार कोटी डॉलरांत झालेल्या या चित्रपटानें जगभर सदुसष्ट कोटींहून अधिक मिळविले, आणि ऑस्कर पारितोषिकांसाठीं त्याची सहा बाबतींत शिफारस होऊन एकहि पदरांत पडलें नाहीं. बाजारासंबंधीं इतकें पुरे.

कथा थोडक्यांत सांगतों. डॉ. माल्कम क्रो हा लहान मुलांच्या मनोविकारांवर उपचार करणारा नामांकित वैद्य. महापौरांकडून मानपत्र मिळाल्याच्या रात्रीं तो व त्याची पत्नी ॲना घरीं आनंदांत असतांना स्नानगृहांत एक अर्धनग्न तरुण उभा असलेला त्यांस दिसतो. हा व्हिन्सेंट, माल्कमचाच एके काळचा रोगी. तुम्हीं मला बरें केलें नाहीं असा टाहो फोडून तो माल्कमच्या पोटांत गोळी घालतो, आणि दुसरी स्वतःवर झाडून घेतो. पुढलें दृश्य दुसऱ्या वर्षींच्या शरद ऋतूंतलें. माल्कम रस्त्याकडेच्या बाकावर बसून नऊ वर्षांच्या कोल सीअर या मुलाची वाट पाहत आहे. कोलचा बाप घर सोडून गेलेला. आई दोन-दोन नोकऱ्या करून संसार ओढणारी. बापाचें बंद पडलेलें घड्याळ तो मनगटावर मिरवितो, आणि बापाच्या चष्म्याच्या कांचा काढून टाकून नुसती चौकट डोळ्यांवर चढवितो. अंगावर ओरखडे, शाळेंत हेटाळणी, आणि घरापेक्षां चर्चमध्यें अधिक निर्धास्त वाटणें, अशीं त्याचीं लक्षणें. व्हिन्सेंटचींहि लक्षणें नेमकीं हींच होतीं. एके रात्रीं रुग्णालयांत, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून, हा मुलगा आपलें गुपित सांगतो: त्याला मेलेलीं माणसें दिसतात. तीं जिवंतांप्रमाणेंच हिंडतात, एकमेकांस पाहत नाहींत, जें पाहावेंसें वाटतें तेवढेंच पाहतात, आणि आपण मेलों आहों हें त्यांस ठाऊकच नसतें.

हें तो सांगतो माल्कमला, आणि कॅमेरा त्या वेळीं माल्कमच्या चेहऱ्यावर स्थिर असतो. कारण माल्कम त्या पहिल्या रात्रींच मेला आहे. रहस्य म्हणतात तें हेंच. आणि पाहा, दिग्दर्शकानें तें चित्रपटाच्या मध्यावरच, उघड शब्दांत, आपल्या तोंडावर सांगून टाकलें आहे. आपण ऐकत नाहीं, एवढेंच.

आपण कां ऐकत नाहीं? येथें जुन्या नाटकाची आठवण येते. 'हॅम्लेट' नाटकाच्या पहिल्या अंकांत राजाचें पिशाच पहारेकऱ्यांनाहि दिसतें व होरेशिओलाहि दिसतें. परंतु तिसऱ्या अंकांत तेंच पिशाच राणीच्या महालांत येतें तेव्हां हॅम्लेटला दिसतें आणि शेजारीं बसलेल्या त्याच्या आईला दिसत नाहीं. मुलगा शून्याशीं बोलत आहे असें पाहून ती त्याला वेडा ठरविते. (भूतपिशाचांवर काडीचाहि विश्वास नसलेल्या आगरकरांनीं १८८३ सालीं हेंच नाटक 'विकारविलसित' नांवानें मराठींत आणलें, ही गोष्ट आमच्या बुद्धिवादी मित्रांनीं पुढील मजकूर वाचतांना ध्यानांत ठेवावी.) रंगभूमीवर प्रेक्षकाला पिशाच दिसत असतें, म्हणून राणी चुकते आहे हें त्याला कळतें. श्यामलननें या जुन्या युक्तीला एक निराळाच पीळ दिला आहे. त्यानें प्रेक्षकाला न विचारतां कोलचे डोळे दिले. माल्कम आपल्याला दिसतो. पण तो दिसतो याचा अर्थ आपण जिवंत माणूस पाहत आहों असा नसून, आपणांसहि मृत दिसत आहेत असा आहे. सहावें इंद्रिय एकट्या कोलला नाहीं. दोन तास तें आपल्यालाहि मिळालें होतें, आणि त्याचा आपणांस पत्ता नव्हता.

ही फसवणूक कोणत्याहि खोट्या वाक्यावर उभी नाहीं. ती उभी आहे चित्रपटकलेच्या अगदीं प्राथमिक नियमावर. पडद्यावर एक दृश्य तुटतें व दुसरें सुरू होतें. मधलें सर्व प्रेक्षक आपल्या पदरचें घालतो. कोल शाळेंतून घरीं येतो तेव्हां त्याची आई लिन व माल्कम दिवाणखान्यांत समोरासमोर बसलेलीं असतात. आपण मनांतल्या मनांत दार वाजवितों, तिच्याकडून तें उघडवितों, "या डॉक्टर, बसा" हेंहि तिच्या तोंडीं घालतों. वस्तुतः दार वाजलेलें नाहीं, कोणी 'या' म्हटलेलें नाहीं. एक दमलेली बाई मुलाची वाट पाहत एकटी बसली आहे. त्या पहिल्या रात्रीनंतर अख्ख्या चित्रपटांत कोलवांचून कोणीहि जागेपणीं माल्कमशीं बोलत नाहीं. शिक्षक नाहींत, लिन नाहीं, पत्नीहि नाहीं. एवढी ढळढळीत गोष्ट डोळ्यांसमोर असतां आपण ती पाहत नाहीं, कारण पोटांत गोळी लागलेला माणूस पुढच्याच दृश्यांत धडधाकट दिसला म्हणजे तो बरा झाला, असें मानण्याची संवय आपल्याला आजवरच्या शेंकडों चित्रपटांनीं लाविलेली आहे. जें पाहावेंसें वाटतें तेवढेंच मृत पाहतात, असें कोल म्हणाला होता. प्रेक्षकाची गत काय निराळी आहे?

येथवर ही केवळ हुशारी झाली. हुशारीनें एखादा चित्रपट एकदां पाहवतो. पुन्हां पाहण्यास लावणारी वस्तु वेगळी असते, आणि ती आम्हांला ॲनाच्या कथेंत सांपडली. विवाहाच्या वाढदिवशीं माल्कम उपाहारगृहांत उशिरां पोंचतो. ती टेबलाशीं एकटी बसली आहे. तो समोरच्या खुर्चींत बसून क्षमा मागतो, कोलविषयीं, व्हिन्सेंटविषयीं सांगत सुटतो. ती त्याच्याकडे पाहत नाहीं. बिल येतें, तें घेण्यास तो हात पुढें करतो, त्याच्या आधीं तीच तें ओढून सही करते, वाढदिवसाच्या शुभेच्छेचे दोन शब्द पुटपुटते व निघून जाते. पहिल्या खेपेस आपण म्हणतों, 'बायको रागावली. कामापुढें घराकडे न पाहणाऱ्या नवऱ्याला असेंच पाहिजे.' दुसऱ्या खेपेस तोच प्रसंग असा दिसतो: एक तरुण विधवा लग्नाच्या वाढदिवशीं, नवऱ्याबरोबर जेथें येत असे त्या जागीं एकटी जेवावयास आली आहे. समोरची खुर्ची रिकामी आहे. ती शुभेच्छा त्या खुर्चीला दिलेली आहे. दृश्यांतील एक वेलांटी बदललेली नाहीं, आणि राग होता तेथें शोक उभा राहिला आहे. तिच्या औषधांच्या कपाटांत मनाच्या उदासीनतेवरील गोळ्या सांपडतात त्याचें, रात्रीं लग्नाची चित्रफीत लावून ती तशीच झोंपी जाते त्याचें, दुकानांतल्या तरुणानें दाखविलेल्या जवळिकीला ती थोडीशी ओढली जाते त्याचें, हें सर्व पहिल्या वेळीं वैवाहिक बेबनावाचें चित्र म्हणून आपण वाचतों आणि दुसऱ्या वेळीं वैधव्याचें. एका कथेच्या पोटांत दुसरी अखंड कथा वाढत असावी आणि दोहोंची एकहि ओळ एकमेकींस खोटी पाडीत नसावी, असें उदाहरण आम्हांला चित्रपटांत सहसा आढळलेलें नाहीं. २००१ सालच्या 'दि अदर्स' या चित्रपटांत हीच कल्पना निराळ्या व फार देखण्या रीतीनें आलेली आहे. पण तेथें दुसऱ्या पाहण्यांत घराची रचना अधिक कळते, माणसें अधिक कळत नाहींत.

आतां मृतांकडे वळूं. चित्रपटाच्या पूर्वार्धांत तीं भयंकरच आहेत. शाळेच्या इमारतींत पूर्वीं न्यायकचेरी होती. तेथें फांशीं गेलेलीं माणसें जिन्यावर अजून लटकत असतात. एक मुलगा बापाची बंदूक दाखवितों असें म्हणून वळतो, आणि त्याच्या डोक्याची मागील बाजू आपल्याला दिसते. खोलींत एकदम थंडी पडते, कोलच्या तोंडांतून वाफ निघूं लागते, आणि पुढें काय येणार हें त्या वाफेवरूनच कळतें. ही थंडीची योजना मोठी मार्मिक आहे; भूत दाखविण्यापूर्वीं त्याची हवा दाखवावी, हें जुन्या कथेकऱ्यांस माहीत होतें, चित्रपटवाले बहुधा विसरलेले असतात. परंतु एका वळणावर कथेचा सूरच पालटतो. माल्कम व्हिन्सेंटच्या जुन्या भेटीची ध्वनिफीत ऐकत असतां, खोलींत व्हिन्सेंट एकटा होता त्या वेळच्या शांततेंत, आवाज फार मोठा केल्यावर त्याला कोणा पुरुषाचें स्पॅनिश भाषेंतील रडणें ऐकूं येतें: मरावयाचें नाहीं, म्हणून तो विनवीत असतो. त्या क्षणीं माल्कमला दोन गोष्टी एकदम कळतात. व्हिन्सेंट खरें बोलत होता. आणि हे मृत भिववावयास येत नाहींत, दाद मागावयास येतात. कोलला तो इतकेंच सांगतो कीं, पळूं नकोस, त्यांस काय पाहिजे तें विचार.

हें वाक्य मराठी माणसाच्या कानीं पडतांच त्याला दहाव्या दिवसाचा घाट आठवल्याशिवाय राहत नाहीं. पिंडाला कावळा शिवत नाहीं. मंडळी ताटकळत उभीं आहेत. आणि मग कोणी जवळचा नातलग पुढें होऊन मोठ्यानें सांगतो, 'मुलीचें लग्न आम्ही करूं', 'धाकट्याला अंतर देणार नाहीं'. ज्याचें काय राहिलें असेल तें आठवून आठवून बोलावयाचें. कावळा कां येतो व कां येत नाहीं याचा विचार पक्षिशास्त्रज्ञांनीं करावा. पण जिवंत माणसें हात जोडून मृताला 'तुझें काय राहिलें?' असें विचारीत आहेत, या चित्रांत जी करुणा आहे तीच या परक्या चित्रपटाच्या उत्तरार्धांत आहे. आमच्या परिचयाच्या एका वयोवृद्ध बाई हा चित्रपट पाहतांना मध्येंच म्हणाल्या, "अहो, त्या पोराला रोजचाच दहावा लागलाय कीं." याहून नेमकी टीका आम्हांला सुचलेली नाहीं.

पण एक आक्षेप येथें उभा राहतो आणि तो टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. मृत दिसतात असें सांगणारें मूल प्रत्यक्षांत पुढें आलें तर त्याचें म्हणणें खरें मानावें काय? आपल्याकडे 'बाहेरची बाधा' म्हणून बायकामुलांना दोरीनें बांधणें, छडीनें मारणें, मिरचीची धुरी देणें, हे प्रकार इतके चालत कीं महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा करून ते गुन्ह्यांत घालावे लागले. अशा समाजांत भूत खरें ठरविणारा आणि वैद्याला चुकीचा ठरविणारा चित्रपट निरुपद्रवी म्हणतां येईल काय? माल्कमचें पहिलें निदान आपण विसरूं नये. त्या रुग्णालयांतील भेटीनंतर तो आपल्या यंत्रांत नोंद करतो कीं मुलाला भास होत आहेत, विकार गंभीर आहे, रुग्णालयांत ठेवणें भाग पडेल. आमच्या समजुतीप्रमाणें कोणताहि शहाणा डॉक्टर हेंच म्हणेल, आणि त्यानें हेंच म्हणावें.

आमचें उत्तर असें आहे कीं हा चित्रपट भुतांवर विश्वास ठेवा असें सांगत नाहीं. तो मुलाच्या भीतीवर विश्वास ठेवा असें सांगतो, आणि या दोन गोष्टींत महदंतर आहे. त्यांत भुतें पुष्कळ आहेत, पण मांत्रिक एकहि नाहीं. कोल चर्चमध्यें लपतो, तेथील मूर्ति चोरून आणून आपल्या तांबड्या तंबूंत मांडतो, बायबलांतील एका स्तोत्राचें लॅटिन वाक्य खेळण्यांतल्या सैनिकांकडून म्हणवितो. तरीहि कोणी धर्मगुरु येऊन त्याची सुटका करीत नाहीं. त्याला कोणी बांधीत नाहीं, मारीत नाहीं, उतारा टाकीत नाहीं. उपाय एकच, त्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घेणें. व्हिन्सेंटच्या बाबतींत हेंच घडलें नाहीं. आईबापांच्या काडीमोडामुळें मूल भेदरलें, हें तयार निदान हाताशीं होतें, तें त्याला चिकटवून डॉक्टर मोकळा झाला. कोलच्या अंगावरील ओरखडे पाहून रुग्णालयांतला डॉक्टर आईवरच संशय घेतो, तें दुसरें तयार निदान. (हा डॉक्टर स्वतः श्यामलननेंच रंगविला आहे, दोन डॉक्टरांच्या मुलानें स्वतःसाठीं हीच भूमिका निवडावी, यांत थोडी मौज आहे.) हेन्री जेम्सच्या १८९८ सालच्या 'दि टर्न ऑफ दि स्क्रू' या कथेंत, आणि तिच्यावरून जॅक क्लेटननें १९६१ त काढलेल्या 'दि इनोसंट्स' या अप्रतिम चित्रपटांत, नेमकी उलट व्यवस्था आहे. तेथें मृत दिसतात ते मोठ्या माणसाला, मुलांच्या शिक्षिकेला. ती मुलांचें ऐकत नाहीं, त्यांनीं काय पाहिलें हें त्यांच्याकडून वदवून घेऊं पाहते, आणि त्या हट्टांत मुलाचा प्राण जातो. भुतें खरीं कीं शिक्षिकेच्या मनांतलीं, हें जेम्स शेवटपर्यंत सांगत नाहीं. कलेच्या दृष्टीनें तोच मार्ग श्रेष्ठ, हें आम्ही मान्य करतों. श्यामलननें ध्वनिफीत, पेटी व आजीचा निरोप असे तीन-तीन पुरावे देऊन संशयाला जागाच ठेविली नाहीं. त्यामुळें कथा आपल्या बुद्धीला सुखानें झोंपूं देते, आणि वरील आक्षेपाचा कांहीं अंश शिल्लक राहतो तो येथेंच.

त्या पेटीची हकीकत चित्रपटांतील सर्वांत दुबळी. कायरा नांवाची मुलगी, जिला पाहून आपण दचकलों, ती मेल्यावर कोलला एक चित्रफीत देते. तींत तिची आई तिच्या सूपांत लादी पुसण्याचें औषध मिसळतांना दिसते. कोल ती फीत अंत्यविधीच्या दिवशीं बापाच्या हातीं देतो. दुष्टेचें पाप उघडें पडतें, धाकटी बहीण वांचते. मुलांना मुद्दाम आजारी पाडणाऱ्या आया असतात, वैद्यकांत त्या विकाराला नांवहि आहे. तेव्हां हें अशक्य नव्हे. पण विषप्रयोग हा मालमसाला फारच जुना, आणि भुताकडून गुप्त पोलिसाचें काम करून घेणें हें भुताच्या दर्जाला शोभत नाहीं. मृतांच्या सर्वच इच्छा अशा चोख पुराव्यानिशीं पूर्ण होऊं लागल्या तर जिवंतांना करावयाचें काय उरलें?

याच्या उलट लिनचा प्रसंग. रस्त्यावर अपघात होऊन वाहनें अडकून पडलीं आहेत. मोटारींत आई व मुलगा दोघेंच. आतां मी तुझ्याशीं बोलावयास तयार आहें, असें कोल म्हणतो, आणि आपलें गुपित सांगतो. पुढें अपघातांत एक बाई मेली आहे, असेंहि सांगतो, आणि ती कोठें आहे असें आईनें विचारतांच 'माझ्या खिडकीशीं' असें म्हणतो. लिनच्या चेहऱ्यावर प्रथम काळजी येते, मग भीति, आणि ती भीति भुताची नव्हे. पोरगें हातचें गेलें, ही. तेव्हां तो तिच्या मेलेल्या आईचा निरोप देतो. लिन लहान असतां नाचाच्या कार्यक्रमापूर्वीं माय-लेकींचें भांडण झालें होतें; आई आपला नाच पाहावयास आली नाहीं असा लिनचा कायमचा समज. आजी सांगते, मी आलें होतें, मागें उभी होतें. आणि लिननें आईच्या थडग्याशीं जाऊन विचारलेल्या एका प्रश्नाचें उत्तर आहे, 'रोज'. प्रश्न काय होता, असें मुलगा विचारतो. तिला वाटत असतें कीं आपला आईला कधीं अभिमान वाटला काय. तो प्रश्न ती कसाबसा उच्चारते.

या प्रसंगांत टोनी कोलेट या नटीनें जें केलें आहे त्याला अभिनय म्हणावयास जीभ धजत नाहीं. अविश्वासापासून विश्वासापर्यंतचा प्रवास ती एका शब्दावर करते, आणि तो शब्द ऐकण्यापूर्वीं कीं ऐकल्यानंतर तिचा विश्वास बसला, हें पुनःपुन्हां पाहूनहि आम्हांला ठरवितां आलें नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. एवढ्या मृतांच्या गर्दींत आजी एकदांहि पडद्यावर दिसत नाहीं. तिची पदकाची साखळी वारंवार जागची हलते, भिंतीवरील छायाचित्रांत कोलजवळ एक प्रकाशाची तिरीप दिसते, बस्स. जिचें भूत सर्वांत खोल जाऊन भिडतें तीच अदृश्य ठेवण्याचा संयम दिग्दर्शकापाशीं होता, तर कायराच्या ठायीं तो कां सुटला, याचें नवल वाटतें.

कोलची भूमिका करणारा हेली जोएल ऑस्मेंट चित्रपट निघाला तेव्हां अकरा वर्षांचा होता. पडद्यावरील लहान मुलें बहुधा गोड तरी असतात किंवा पोक्त तरी. हा मुलगा दोन्ही नाहीं. तो थकलेला आहे. रोज रात्रीं जागणाऱ्या माणसाचे डोळे त्याच्याकडे आहेत. ब्रूस विलिस हा मारामारीच्या चित्रपटांबद्दल ख्यातनाम नट. येथें त्यानें आवाज एकदांहि चढविलेला नाहीं, आणि हलक्या आवाजांत बोलणारा हा माणूस जगांत कोणाच्याहि अंगाला धक्का लावीत नाहीं, ही गोष्ट मागाहून उमगते. छायालेखक टाक फुजिमोटो यानें सारा चित्रपट करड्या व तपकिरी छटांत ठेवून तांबडा रंग मृतांच्या वाटेसाठीं राखून ठेविला आहे: तळघराच्या दाराची मूठ, वाढदिवसाचा फुगा, कायराच्या आईचा पोषाख. हें एकदां कळलें म्हणजे थोडें शाळामास्तरी वाटूं लागतें. जेम्स न्यूटन हॉवर्डचें संगीत चांगलें असूनहि दोन-तीन ठिकाणीं एकदम कडाडून आपल्याला दचकवितें. ज्या चित्रपटाला श्वासाच्या वाफेनें भिवविण्याची कला साधली आहे त्याला ढोल कशाला? शेवटीं माल्कमला सत्य उमगतें तेव्हां मागील दृश्यांचे तुकडे एकामागून एक पुन्हां दाखविले आहेत, तेंहि आम्हांला खटकतें. ॲनाच्या हातून सुटून जमिनीवर घरंगळणारी त्याची अंगठी पुरेशी होती.

भुताला शेवटीं खोटें ठरवून बुद्धीचें समाधान करण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. कमाल अमरोहींच्या १९४९ सालच्या 'महल'मध्यें गाणारी ती अतृप्त छाया अखेर माळ्याची मुलगी निघते, आणि तरीहि त्या चित्रपटाची भूल उतरत नाहीं. श्यामलननें भूत खरें ठेविलें आणि माणूसच भूत काढला. दुर्दैवानें ही एक युक्ति साधल्यावर ती त्याची संवय झाली. पुढच्या चित्रपटांत, विशेषतः २००४ सालच्या 'दि व्हिलेज'मध्यें, शेवटच्या कलाटणीसाठीं कथा मागून जोडल्यासारखी वाटते. येथें कलाटणी काढून घेतली तरी माय-लेकरें उरतात, विधवा उरते, चुकलेला वैद्य उरतो.

मुलांना हा चित्रपट दाखवावा काय, असें कांहीं घरांतून विचारलें जातें. दहा-बारा वर्षांखालील मुलांना दाखवूं नये. फांशीचीं माणसें व तो बंदुकीचा मुलगा त्यांच्या झोंपेवर येतील. मोठ्या मुलांबरोबर बसून पाहण्यास हरकत नाहीं, फक्त शेवट आधीं फोडूं नये. ज्यांची आई हयात नाहीं अशा मोठ्यांनीं मोटारींतला प्रसंग एकट्यानें पाहावा, असें आमच्या एका स्नेह्यांनीं सुचविलें होतें. आम्हीं तें ऐकलें नाहीं, आणि चारचौघांत डोळे पुसण्याची पाळी आली.